पाटाच्या पोटातला फोम

२५ एप्रिल १९८५, गुरुवार

दादा आला! चार वर्षांनी!

आणि एकटा नाही आला. गावातल्या बन्सीधरच्या टेम्पोत एक लांबलचक पांढरं धूड बांधून आणलं आहे. दोन माणसांएवढं लांब, एका टोकाला निमुळतं, मधोमध काठी रोवायची खाच. घरासमोर उतरवलं तर अर्धं वालूर गोळा झालं. शेजारच्या धुरपताबाईंनी तोंडाला पदर लावून विचारलं, "मल्लू, नवरदेवाचा पाट आणलास का रं? नवरी कुठंय?" सगळे हसले. झालं, त्याचं नाव पाटच पडलं.

दादा म्हणतो यावर उभं राहायचं, शीड हातात धरायचं, मग वारा नेतो. गोव्याच्या हॉटेलात तो पाहुण्यांना हेच शिकवत होता. आम्हाला मात्र इतकी वर्षं नुसतं "हॉटेलात आहे" एवढंच माहीत. आई समजून होती की तो भांडी घासतो. पाण्यावर आहे हे कळण्यापेक्षा त्याचं तिला कमी दुःख होतं, असं आता वाटतं.

आप्पा दुकानातून आले. पाटाकडे पाहिलं, मग दादाकडे. "पाटावर हुबं ऱ्हाऊन पोट भरतंय का?" — आणि हातपाय धुवायला गेले.

पाटाच्या मागच्या अंगाला भोक आहे. भाकरीएवढं.

२६ एप्रिल

आता सगळं कळलं. येलदरीच्या धरणावर बारा मेला, रविवारी, परभणीचे साहेब येणार आहेत. दादानं त्यांना पाटावरून पाणी कापून दाखवायचं. त्यांना पटलं तर तिथं शिडाचे पाट ठेवणार, लोकांना शिकवणार, आणि शिकवायला दादा. म्हणजे दादा इथं राहील! नाही पटलं तर परत गोवा, आणि या वेळी तो पुन्हा येईल असं त्याच्या बोलण्यावरून वाटत नाही.

हा पाट हॉटेलनं टाकून दिलेला. खडकावर आपटून फुटला. नवा घ्यायची आपली ऐपत नाही. म्हणून दुरुस्ती. आणि दुरुस्ती कुणी करायची, तर मी!

"तूच केमिस्ट्री शिकलीस की, मास्तरीणबाई."

बी.एस्सी. म्हणजे पाट दुरुस्त करायचं शिक्षण नव्हे, हे त्याला सांगून उपयोग नाही. "फोम निवडायचा, भोकात बसवायचा, वर काचेचं कापड रेझिननं चिकटवायचं. लय सोपं हाय," म्हणाला. इतकं सोपं आहे तर स्वतः का करत नाही? विचारलं. हसला. "माझ्या हाताला दम न्हाई. तू तपासल्याबिगर एक टाका घालत न्हाईस."

आईला या सगळ्यातला एकच शब्द ऐकू आला. धरण. तिचा धाकटा भाऊ पूर्णेत बुडून गेला तेव्हा ती माझ्याएवढी होती. ती चुलीपुढून उठून आली आणि मला म्हणाली, "नीट कर बाई." एवढंच.

झोप येईल असं वाटत नाही.

२७ एप्रिल

शाळेत घालायच्या आधी आप्पांनी मला दुकानातच शिकवलं. पोत्यांवरची अक्षरं, तराजूवरची बेरीज. पहिला धडा होता पोतं कसं बघायचं त्याचा. वरची ज्वारी कुणीही चांगलीच ठेवतो. टोकदार लोखंडी नळी पोत्याच्या कुशीत खुपसायची, आतला दाणा नळीतून तळहातावर घ्यायचा, मग भाव बोलायचा. सात वर्षांची असेन. माझ्या हातात ती नळी दिली की मोठमोठे शेतकरी हसायचे आणि जरा घाबरायचेही.

आज तीच नळी आणली आणि पाटाच्या भोकातून आत खुपसली. दादा ओरडला, "अगं, अजून भोकं पाडतीस का!" पण आत काय आहे ते कळल्याशिवाय बाहेरून काय निवडणार? नळीत पांढरे बारीक मणी आले. ओले. थोडे पिवळट. चार बोटं आतपर्यंत पाणी मुरलेलं आहे.

ओला भाग सगळा कोरून काढला. भोक आता परातीएवढं झालं. दादाचा चेहरा बघवत नव्हता. पाट उन्हात पालथा टाकला आहे. आपल्या एप्रिलच्या उन्हाचा पहिल्यांदाच काही उपयोग होतोय.

२९ एप्रिल, सोमवार

बरं झालं आधी करून पाहिलं!!

बसवजयंतीच्या मिरवणुकीच्या गाडीवर थर्माकोलचा नंदी केला होता. तो मोडून ठेवलाय मठाच्या मागं. दादानं त्याची पाठ आणली. "हे बघ, पांढरं ते पांढरं, मणी ते मणी. घाल." मला पटत नव्हतं. एका कपट्यावर दादाच्या डब्यातल्या रेझिनचे दोन थेंब टाकले.

कपटा खाली बसला. वितळला म्हणायचं की खाल्ला म्हणायचं. थेंब जिथं पडला तिथं भोक, भोकाच्या कडा चिकट, आणि ते पसरतच गेलं. आम्ही दोघं खाली वाकून बघत होतो. बन्सीधर मागून म्हणाला, "नंदीला वाळवी लागली की ओ!"

मग पाटातल्या मण्यांवर एक थेंब टाकला. तेही गेले.

म्हणजे पाटाचं मूळ पोटच थर्माकोलचं. हे रेझिन नुसतं नव्या फोमला चालून भागत नाही. बाजूनं एक ओघळ जरी आत गेला तरी तो जुनं पोट खात जाईल. वरून काचेचं कापड गुळगुळीत, पांढरं, सुंदर. आणि आत पोकळ. धरणाच्या मध्यावर गेल्यावर कळणार.

हे मी दादाला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "तुझ्या डोक्यात कायम मध्यच कसा येतो गं? काठावर फुटंल की."

१ मे

परभणी. मी, दादा, बन्सीधर. फोम शोधायला.

स्टेशनजवळ चंद्रभानांचं सजावटीचं दुकान आहे. थर्माकोलच्या कमानी, मोर, नावं. रेझिननं वितळतं म्हटल्यावर त्यांना अपमान वाटला. "ताई, थर्माकोलचा आख्खा ताजमहाल केलाय मी. चार लग्नं झाली त्याच्यात. एक मिनार पडला न्हाई." त्यांनी जाड, घट्ट मण्यांचं थर्माकोल दाखवलं. ते खरंच चांगलं आहे, अंगठ्यानं दबत नाही. एक तुकडा घेतला.

बन्सीधरचं म्हणणं, त्याच्या टेम्पोच्या सीटमधला फोम घ्या. "दहा वर्सं लोक बसलेत त्याच्यावर. दबून दबून मजबूत झालाय." विनोद करत होता असं वाटलं, पण नाही, मनापासून म्हणत होता. तोही एक तुकडा घेतला. नाही म्हणायला कारण लागतं, आणि कारण तपासल्याशिवाय कसं सांगणार?

भंगारवाल्याकडे कुल्फीची मोडकी पेटी मिळाली. तिच्या भिंतीत पिवळा, टणक, कोरडा फोम. नखानं ओरखडला की भुगा पडतो. बारीक, हळदीसारखा.

परत येताना सेलूच्या स्टँडवर भिंतींवर विद्यापीठाच्या नामांतराच्या दोन्ही बाजूंच्या घोषणा एकमेकींवर रंगवलेल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा बंद आहे म्हणे.

३ मे, शुक्रवार

तीन तुकडे. सारख्या आकाराचे. दुकानातल्या लहान तराजूवर तोलले, मग बादलीत दगडाखाली दाबून ठेवले दीड दिवस. आज काढून पुसून पुन्हा तोलले.

सीटचा फोम: तराजूचं पारडं धाडकन खाली! पाणी पिऊन दगड झालेला. बन्सीधरनं हाताला लागेल तेवढं पिळलं आणि म्हणाला, "तहान लागली असंल बिचाऱ्याला."

थर्माकोल: थोडं वाढलं. मण्यांच्या मधल्या फटींतून पाणी शिरतं. चांगलं, पण अगदी चांगलं नाही.

पिवळा: जवळजवळ तेवढाच. रेझिनचे थेंब टाकले, काही झालं नाही. थेंब तसाच वर बसून राहिला. पण पिवळ्याचा एक दोष आहे. ठिसूळ आहे. एका जागी जोर आला तर चुरतो. आणि पेटीची भिंत पातळ, म्हणून दोन तुकडे एकावर एक चिकटवावे लागतील. जिथं दोन तुकडे भेटतात तिथं कच्चं राहायची भीती.

आप्पा गल्ल्यावरून सगळं बघत होते. तराजू बाजूला सारला नाही. शेवटी गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, "मग? कोणतं पोतं घेतलंस?"

"पिवळं. आप्पा, पण मला खात्री नाही."

"खात्री झाली असं म्हणणारा आजवर एक बी येपारी टिकला न्हाई," म्हणाले, आणि ज्वारी मोजायला लागले. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी दादाच्या कामाबद्दल काही विचारलं!

४ मे

ठरलं. आधी भोकाच्या आत, जुन्या थर्माकोलवर, दुसऱ्या जातीच्या रेझिनचा थर द्यायचा. इपॉक्सी. ते थर्माकोल खात नाही. त्यानंच पिवळे तुकडे चिकटवायचे. मग सगळं बंद झाल्यावर वर दादाचं नेहमीचं रेझिन आणि काचेचं कापड. दादा म्हणतो एकच रेझिन वापर, कशाला दोन? मी त्याला नंदीची पाठ दाखवली.

इपॉक्सी नांदेडहून यायचं आहे. डबा मंगळवारी मिळेल.

५ मे, रविवार

घरात भांडण. मोठं.

दादा आंघोळीहून आला तर आईनं बघितलं की त्याच्या गळ्यात इष्टलिंग नाही. जन्मभर अंगावरून उतरवायचं नसतं ते खुंटीला टांगलेलं. "पाण्यात जाताना काढून ठिवतो," तो सहज म्हणाला. "पडलं की दोरा तुटतो. एकदा तुटला होता. वाळूत सापडलं, नशीब."

आई उभी होती ती खाली बसली.

"लिंगाबिगर पाण्यात? चार वर्सं?"

"आई, पाण्यातून आलो की घालतोच की."

"आन् आला न्हाईस तर?"

दादा उठून बाहेर गेला. आई तिथंच, गळ्याशी हात धरून. सकाळी ती लिंग तळहातावर घेऊन पूजा करते तेव्हा आम्ही मुलं लहानपणी भुकेनं रडत असू, पण पूजेआधी तिनं कधी एक घास तोंडात घातला नाही. बाळंतपणातही नाही, असं धुरपताबाई सांगतात. मी स्वतः कधी कधी घाईत उरकते, हे इथं लिहून ठेवते. दादा तर उरकतोही नाही बहुतेक.

बारा तारखेला तो लिंग काढूनच जाणार. आईला ते आता माहीत आहे.

७ मे, मंगळवार

बंद. गाड्या बंद. डबा नाही.

दादा अंगणात फेऱ्या मारतोय. "माझ्या डब्यातलं वापर, होतंय ते होऊ दे." नाही. नाही म्हणजे नाही. आवाज चढला माझा. मला स्वतःलाच धक्का बसला.

तुकडे कापून, घासून, भोकात सुके बसवून पाहिले. नखही शिरत नाही. खालच्या तुकड्यावर १, वरच्यावर २ लिहिलं. वरचा बाण शेपटीकडे.

८ मे, बुधवार

सकाळीच डबा आला! बन्सीधर मोटरसायकलवरून आणायला गेला होता आडवाटेनं. "ताई, इतकं जपून मी बायकोला माहेराहून आणली न्हाई."

जुन्या पोटाला थर दिला. खालचा तुकडा दोन्ही अंगांना लेपून बसवला. नीट बसला. आता वरचा. तेवढ्यात आईनं हाक मारली, धुरपताबाईंकडून मोठं पातेलं घेऊन ये, आत्ताच्या आत्ता. मी म्हटलं रेझिन घट्ट होईल. "जा म्हणते ना!" आई असं कधी बोलत नाही. गेले. धुरपताबाईंना पातेलं सापडेना. आल्यावर बघते तर दादानं वरचा तुकडा बसवूनही टाकला!

"दोन्ही अंगाला लावलंस?"

"खालच्यावर भरपूर लावलं. वरच्याला काय लावायचं? तसाच उचलून दाबला. बसला की!"

दोन्ही अंगाला लाव म्हणून तीनदा सांगितलं होतं. तीनदा! नेमकी जी जागा कच्ची राहायची भीती, तीच त्यानं बघितली नाही. उचकटून काढू म्हटलं तर तोवर घट्ट झालेलं. वरून दाबलं, थापटलं, ठीक वाटतं. वाटतं म्हणजे काय?

स्वयंपाकघरात पातेलं ठेवायला गेले. आईनं ते वापरलंच नाही. ओट्यावर चमचा पडला होता, त्याला हळद. मी घासून ठेवला. रात्रीची भाजी बिनहळदीची होती. आई कशात लक्ष नसल्यासारखी.

९ मे

काचेचं कापड, रेझिन. तीन थर. उन्हानं भराभर धरलं. संध्याकाळी घासला. देखणा झालाय पाट. गावातली पोरं हात फिरवून जातात.

मला त्याचं देखणं होणंच नको वाटतंय. वरची ज्वारी कुणीही चांगलीच ठेवतो.

आई नुसतं ताक पिऊन आहे. कालपासून. "कसला उपास?" तर म्हणे "बोललेय मी." दादासाठी काही नवस असणार.

१० मे, शुक्रवार

घरामागच्या हौदात पाटाची शेपटी बुडवून पाहिली. दादा वर बसला, बन्सीधर बसला. बुडबुडे नाहीत. दादानं मला उचलून पाटावर बसवलं! मी किंचाळले, आप्पा दुकानातून धावत आले, आणि चक्क हसले.

"झालं ना समाधान?" दादा.

झालं म्हटलं. नाही झालं.

दुपारी आई चुलीपाशी भोवळ येऊन बसली. ऊन लागलं म्हणाली. भाकरी पुढं केली तर हात जोडले. "रविवारपस्तोर नको म्हणूस मला." आज शुक्रवार. एवढं ऊन, आणि ताकावर! आप्पांनी रागावून पाहिलं, समजावून पाहिलं. ती ऐकत नाही. पदर गळ्याशी घट्ट ओढून भिंतीकडे तोंड करून पडली.

सगळेच जण रविवारकडे डोळे लावून आहेत. आणि रविवार त्या दोन तुकड्यांच्या मधल्या जागेवर उभा आहे.

११ मे, शनिवार

लिहिते. क्रमानं लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

दुपारनंतर पाट टेम्पोत चढवायचा होता. आजच येलदरीला जाऊन मुक्काम, सकाळी वारा चांगला. मी शेपटीकडून धरलं, दादानं पुढून. उचलून कुशीवर वळवला, आणि आत वाजलं.

टक्.

परत वळवला. टक्.

"दादा, थांब. आत काहीतरी सुटलंय."

"खडा अडकला असंल खाचेत." खाच बघितली. खडा नाही. बन्सीधरनं पाट हलवला. टक्. त्यानं पहिल्यांदाच विनोद केला नाही.

मला कळलं. मला आठ तारखेपासून कळत होतं. वरचा तुकडा सुटला. नाहीतर त्याहून वाईट: कुठून तरी रेझिन आत उतरलं, पोट खायला लागलं, पोकळी झाली आणि तिच्यात फोमचा तुकडा सुटा होऊन फिरतोय. हौदात दोन घटका बुडवून काही कळत नाही. धरणात, लाटेवर, दादाच्या वजनाखाली, शेपटी मोडणार.

"हा पाट पाण्यात जायचा नाही," मी म्हटलं.

दादा हसला. मग त्याला दिसलं की मी हसत नाही. "देवे, साहेब उद्या येणारेत. उद्या! परत न्हाईत येणार. तू काय बोलायलीस तुला कळतंय का?"

"उघडून बघू."

"उघडलं तर उद्यापर्यंत बंद होतंय का परत?"

नाही होणार. दोघांनाही माहीत होतं.

"टक् वाजलं म्हणून माझी जिंदगी उघडून बघणार तू? तुला उभ्या जन्मात कशाची तरी खात्री वाटलीय का गं? काठावर बसून शंका काढायला काय जातंय!"

असं बोलला. बन्सीधर आणि धुरपताबाईंसमोर बोलला. मला रडू यायला लागलं, पण मी शेपटी सोडली नाही. आई दारात आली होती. चौकटीला धरून. "मल्लू, जा तू," म्हणाली. "काय होत न्हाई. पाट चांगला हाय. जाऊ दे गं त्याला देवी." पाण्याच्या नावानं खाली बसणारी आई जा म्हणाली! मला वाटलं उपासानं तिचं भान सुटलंय.

मग आप्पा. दुकानातून नळी घेऊन आले. माझ्या हातात दिली.

"तिला पोतं बघू द्या. मग भाव बोला."

दादानं स्वतःच हातड्रिल आणलं, माझ्या काचेच्या कापडाला स्वतःच भोक पाडलं. मी नळी टेकवली आणि जोरात खुपसली. मला पोकळी लागेल असं वाटत होतं. फोम लागला. चांगला, भरीव फोम! आणि मग एकदम कठीण. खर्रकन घसरली नळी कशावरून तरी.

फोममध्ये कठीण काय असणार?

करवतीनं कापलं. वरचा तुकडा इतका पक्का बसला होता की छिन्नी लावावी लागली. कुठं काही वितळलेलं नाही, कुठं सुटलेलं नाही. त्याच्या पोटात मात्र चमच्यानं कोरल्यासारखा खळगा. खळग्यात कापडाची चिंधी. चिंधीतून निसटून बाहेर आलेलं — काळं, गुळगुळीत, आवळ्याएवढं.

लिंग.

त्यावर माझ्या नळीचा पांढरा ओरखडा.

दादाचा हात गळ्याकडे गेला. त्याचं जागेवर होतं. आप्पांचं जागेवर. माझं जागेवर.

मी दाराकडे बघितलंच नाही. चमच्यावरची हळद आठवली, न वापरलेलं पातेलं आठवलं.

१२ मे, रविवार

साहेब आले, थांबले, गेले. पुन्हा येऊ असं काही बोलले नाहीत. बन्सीधर सांगून गेला.

आप्पांनी सकाळी लिंग उजेडात धरून अंगठा फिरवला, फार वेळ. भंगलं असेल तर पूजेला चालत नाही. "वरचा थर खरवडलाय निस्ता. आतलं शाबूत हाय," म्हणाले, आणि आईच्या तळहातावर ठेवलं.

दादानं एवढंच विचारलं, "माझं तर खुंटीवर होतं. मग तुझं का?"

"तुझं तुला लागंल की, पाण्यातून आल्यावर," आई म्हणाली.

मग पूजा केली. दादानं भाकरी कुस्करली, ताटलीत दूध ओतलं.

आई जेवली.